डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या. मी त्यांना म्हटले, बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाडीतल्या वांग्या-मिरच्यांचा हिशेब लिहिण्यापलीकडे माझ्या हाताला लेखणीची सवय नाही. फार तर एखाद्या लोणच्याची कृती देईन. पण लोणच्याच्या कृती आधीच चार जणींनी दिल्या आहेत, तुम्ही एखाद्या नावाजलेल्या माणसाचे चरित्र लिहा, असे त्यांचे म्हणणे पडले. राजेरजवाडे आणि पुढारी यांची चरित्रे शिकलेल्या बाया लिहितीलच. मला ज्याचे चरित्र ठाऊक आहे तो विटा वाहणारा मजूर होता, आणि बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून दारू पीत होता. चालत असेल तर लिहिते, म्हटले. चालेल म्हणाल्या.

या माणसाचे एक लहानसे चित्र माझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असे. बाकीच्या चित्रांतल्या संतांच्या डोक्यामागे तेजाचे वलय, कोणाच्या हातात फुले, कोणाच्या कडेवर बाळ येशू. हा मात्र जुना कोट घालून गुडघ्यांवर बसलेला हाडकुळा मनुष्य. लहानपणी मला वाटे, आमच्याच नात्यातला कोणी असेल. आई रोज रात्री ते चित्र काढून बाबांसाठी प्रार्थना करी, हे मला पुष्कळ पुढे कळले. तिलाही त्याची गोष्ट पुरती माहीत नव्हती. दारू सोडलेला मनुष्य आहे, एवढेच एका सिस्टरने तिला सांगितले होते. आई गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आले. माझ्या भाचीला इंग्रजी चांगले येते. तिने दुपारच्या वेळी बसून मला त्याचे चरित्र वाचून दाखवले, मी वहीत टिपून घेतले. त्या वहीवरूनच हे लिहीत आहे. आपल्या मंडळात सगळ्या धर्मांच्या भगिनी आहेत, तेव्हा आमच्या चर्चमधले शब्द येतील तिथे मी उलगडून सांगेन. आणि मी त्याला अरेतुरेच करणार आहे. इतकी वर्षे तो आमच्या घरात राहिला, आता त्याला अहोजाहो करायला जीभ वळत नाही.

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंड देशातील डब्लिन शहरात झाला. आयर्लंडवर तेव्हा आपल्यासारखाच इंग्रजांचा अंमल होता. मॅट जन्मण्याच्या दहा-अकरा वर्षे आधी तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि फार मोठा दुष्काळ आला. गरिबांचे सारे जेवण बटाट्यावर चाले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून परदेशी निघून गेली. त्यातून वाचलेल्यांची जी दाटीवाटीची वस्ती डब्लिनमध्ये होती, तिथे हे टॅल्बट कुटुंब राहत होते. बापाचे नाव चार्ल्स, तो गोदीच्या कामावर होता. आईचे नाव एलिझाबेथ. तिला बारा मुले झाली, त्यांत मॅट दुसरा. चार्ल्स दारू पिई. थोरला मुलगा सोडला तर बाकीचे मुलगेही मोठे होतील तसे त्याच वाटेला लागले. एलिझाबेथ पोरांचे लटांबर घेऊन आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत बिऱ्हाड हलवीत राहिली. बारा मुले आणि घरात दारू. त्या बाईने चूल कशी पेटती ठेवली असेल, हे आपल्यापैकी काही जणींना मी सांगायला नको.

शाळेत मॅट जेमतेम गेला. शाळा बुडवणारा मुलगा, असा शेरा हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे आहे म्हणतात. लिहितावाचता धड आले नाही. १८६८ साली, बाराव्या वर्षी, तो कामाला लागला तो मद्याच्या व्यापाऱ्याकडे. तिथे पिंपातली बीअर बाटल्यांत भरीत. बारा वर्षांचा पोर दिवसभर त्या वासात. बाटल्यांच्या तळाशी उरलेले चाखता चाखता तो संध्याकाळी झिंगून घरी येऊ लागला. बापाने त्याला बेदम मारले आणि आपल्या नजरेखाली राहील म्हणून त्याची नोकरी बदलली. नवी नोकरी कोणती? बंदरातल्या व्हिस्कीच्या कोठारात! मांजराला दुधाच्या राखणीला बसवावे तसे झाले. आधी बीअर होती, आता व्हिस्की आली. बाप स्वतःच पिणारा, त्याला दुसरे काय सुचणार.

सतराव्या वर्षाच्या सुमारास तो इमारतीच्या कामावर मजूर झाला. खांद्यावर विटा आणि चुना घेऊन शिडी चढायची. अंगाने मोठा नसला तरी कामाला वाघ होता. मुकादम त्याला मजुरांच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवी, म्हणजे त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावे लागे. हे मला नेहमी नवल वाटते. पिणारा मनुष्य आळशी असतो असे आपण धरून चालतो. माझे बाबा पहाटे तीनला उठून फुलांची टोपली डोक्यावर घेऊन पहिल्या गाडीने दादरला जात. त्यांच्याइतके कष्ट मी कोणाला करताना पाहिले नाही. संध्याकाळी स्टेशनवरून घरी यायच्या रस्त्यात मात्र गुत्ता होता.

मॅटचेही तेच. शनिवारी पगार झाला की तो गुत्त्यावर जाई, स्वतः पिई, मित्रांना पाजी, आणि दोन-चार दिवसांत खिसा रिकामा. मग उधारी. उधारी बंद झाली की अंगावरचा कोट गहाण, पायातले बूट गहाण. बूट विकून नुसत्या मोज्यांवर तो घरी आला आहे. आणि डब्लिनची थंडी म्हणजे आपल्या माघातली नव्हे. कधी उरलासुरला एखादा शिलिंग आईच्या हातावर ठेवी.

एक प्रसंग असा की तो लिहिताना माझा हात थांबतो. त्यांच्या टोळक्यात एक गरीब म्हातारा सारंगीवाला येत असे. रस्त्यात सारंगी वाजवून चार पैसे मिळवायचे, हेच त्याचे पोट. तो आंधळा होता असेही सांगतात. एक दिवस दारूला पैसे नव्हते, तर मॅट आणि त्याच्या सोबत्यांनी त्याची सारंगी पळवली, विकली आणि त्या पैशांची दारू पिऊन टाकली. मॅट तसा स्वभावाने वाईट नव्हता, उदार होता, कोणालाही पाजणारा होता. तरी हे केलेच. आमच्या घरातला तांब्याचा हंडा, आईच्या माहेरचा, एका पावसाळ्यात असाच नाहीसा झाला. आईने आठ दिवस कोणाला काही विचारले नाही. नवव्या दिवशी तिने जर्मनची पातेली आणली आणि हंड्याच्या जागेवर ठेवली.

सोळा वर्षे मॅट असा वागला. मग १८८४ साल उजाडले. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात तो कामावर गेला नव्हता, त्यामुळे शनिवारी हातात छदाम नव्हता. त्याला वाटले, आपण इतक्यांना पाजले आहे, आज कोणीतरी आपल्याला बोलावीलच. म्हणून तो आणि त्याचा भाऊ नेहमीच्या गुत्त्याजवळ कोपऱ्यावर उभे राहिले. पगार घेऊन मित्र येऊ लागले. एकेक जण बरे आहे ना, म्हणून विचारी आणि पुढे जाई. आत ये, असे कोणीच म्हणाले नाही. त्याचे काळीज कापले गेले. तो वळला आणि घरी आला.

एवढ्या दिवसाउजेडी, शुद्धीवर असलेला मुलगा दारात पाहून एलिझाबेथ चकित झाली. जेवण झाल्यावर त्याने आईला सांगितले की मी शपथ घ्यायला जातो. शपथ म्हणजे धर्मगुरूंसमोर दारू न पिण्याचे वचन द्यायचे. त्या काळी आयर्लंडमध्ये ही रीत फार पसरलेली होती. इतकी वर्षे जी बाई या दिवसाची वाट पाहत होती, ती आनंदाने त्याला ढकलून पाठवील असे आपल्याला वाटेल. तिने तसे केले नाही. जा बाबा देवाचे नाव घेऊन, पण पाळायची नसेल तर शपथ घेऊ नकोस, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. भाचीने हे वाचले तेव्हा मी तिला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले.

कारण आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. माझ्या बाबांनी तीनदा शपथ घेतली. तिन्ही वेळा आई त्यांना हाताला धरून घेऊन गेली होती. एकदा आजी उपाशी बसली म्हणून, एकदा मी तापाने फणफणले होते म्हणून, आणि एकदा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, सगळी आळी चर्चमध्ये जमली असताना. तिन्ही वेळा जन्मभराची शपथ. पहिली नऊ दिवस टिकली. दुसरी चुलत्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत. तिसरी किती टिकली ते मी मोजले नाही. आईला दोष देत नाही. तिला दुसरे कोण काय सांगणार होते? पण बाबा वेदीसमोर उभे राहून बोलत होते ते आईचे शब्द होते, एवढे मला लहान असूनही दिसत होते.

मॅट त्याच दिवशी क्लॉनलिफ इथल्या धर्मगुरूंच्या विद्यालयात गेला. तिथे त्याने पापनिवेदन केले, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपले अपराध कबूल करून देवाची क्षमा मागितली. पुष्कळ दिवसांनी. आणि शपथ घेतली ती किती काळाची? तीन महिन्यांची. जन्मभराची नव्हे. तेवढीच आपल्याला झेपेल असे त्याला वाटले, आणि तीन महिनेही सरतील की नाही याची त्याला धास्तीच होती. ते सरल्यावर सहा महिन्यांची घेतली. मग जन्मभराची.

ते पहिले तीन महिने त्याने कसे काढले, हे मला सगळ्या चरित्रात महत्त्वाचे वाटते. पुढे तो मोठा भक्त झाला वगैरे ठीक आहे, पण भक्त होण्याआधीचे हे नव्वद दिवस. दारू सोडणाऱ्याचे अंग थरथरते, झोप लागत नाही, मन चिडते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना माहीत आहे. मॅटला सर्वांत कठीण जाई ती संध्याकाळ. काम सुटले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळत. मग जायचे कोठे? घरी बसवत नसे. म्हणून तो शहरभर पायी हिंडे, आणि दमला की एखाद्या चर्चमध्ये शिरून कोपऱ्यात बसे. सुरुवातीला प्रार्थनाही धड येत नव्हती. तिथे जुने मित्र भेटत नाहीत आणि तिथे काही विकत मिळत नाही, एवढेच पुरेसे होते. घरी येऊन आईजवळ तो कबूलही करी की मुदत संपली की मी पुन्हा पिणार. ती ऐकून घेई.

एका संध्याकाळी तो घसरला, म्हणजे अगदी काठावर गेला. हिंडता हिंडता एका गुत्त्यात शिरला आणि गल्ल्याजवळ उभा राहिला. गर्दी होती. वाढणारा माणूस ओळखीच्या गिऱ्हाइकांत गुंतलेला, याच्याकडे त्याने पाहिलेच नाही. मॅट थोडा वेळ ताटकळला, मग रागाने बाहेर पडला आणि थेट चर्चमध्ये जाऊन दार बंद होईपर्यंत बसून राहिला. तेव्हापासून त्याने ठरवले की खिशात पैसा म्हणून ठेवायचा नाही. आता याला कोणी देवाची करणी म्हणेल, कोणी योगायोग म्हणेल. मॅटने तिला देवाची करणी मानले, पण दुसऱ्या दिवसापासून खिसाही रिकामा ठेवला, हे माझ्या मनाला फार पटते. देवावर भार टाकला म्हणून आपण दाराला कडी लावायची सोडतो का?

सकाळचीही त्याने व्यवस्था लावली. पहाटे पाच वाजता गार्डिनर स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये मिस्सा होई. मिस्सा ही आमची मुख्य उपासना, तिच्यात ख्रिस्ताचे शरीर म्हणून भाकर स्वीकारतात. मॅट रोज त्या मिस्सेला जाऊन मग कामावर जाऊ लागला. रविवार असो, सोमवार असो, पाऊस असो, बर्फ असो. आधी सात दिवसांतून एकदा चर्च आणि सहा दिवस गुत्ता होता. आता दिवसाच्या दोन्ही टोकांना त्याने चर्च ठेवले, मध्ये काम. गुत्त्याला जागाच उरली नाही. हा क्रम पुढे एकेचाळीस वर्षे चालला.

शिव्या तोंडात फार होत्या. त्यासाठी कोटाच्या बाहीत त्याने दोन टाचण्या क्रुसासारख्या आडव्याउभ्या टोचून ठेवल्या. जिभेवर शिवी आली की नजर तिकडे जाई. तंबाखू ओढायचाही त्याला मोठा नाद होता. सांगतात की एकदा त्याने नवी चिलीम आणि नवी तंबाखू घेतली होती. बरोबरच्या मजुराने थोडी मागितली. मॅटने चिलीम आणि तंबाखू दोन्ही त्याच्या हातात दिली आणि पुन्हा कधी ओढली नाही. तंबाखू सोडणे आपल्याला दारूपेक्षा जड गेले, असे तो पुढे सांगे. मशेरी लावणाऱ्या भगिनींना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

मग देणी. गुत्त्यागुत्त्यांवर उधारी थकलेली होती. ती त्याने आठवून आठवून फेडली. पाकिटात पैसे घालून देई आणि तिथे न रेंगाळता निघून येई. सगळे फिटले, एक तेवढे राहिले. तो सारंगीवाला. मॅटने त्याला डब्लिनभर शोधले. गल्ल्या पालथ्या घातल्या, गरिबांच्या आश्रमांत चौकशी केली. तो सापडला नाही. शेवटी सारंगीची किंमत त्याने चर्चमध्ये भरली आणि त्या म्हाताऱ्याच्या आत्म्यासाठी मिस्सा करवल्या. याहून जास्त त्याला काही करता आले नाही, आणि ही टोचणी त्याला शेवटपर्यंत राहिली असावी असे मला वाटते.

पुढे तो एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि तिथेच आयुष्यभर राहिला. लग्न केले नाही. एका घरी इमारतीचे काम चालू असताना तिथल्या स्वयंपाकीण मुलीने त्याला आपण होऊन विचारले होते. ती चांगली होती, पैसे साठवून होती. मॅटने नऊ दिवस प्रार्थना केली आणि नको म्हणून कळवले. पगारातले अगदी थोडे स्वतःसाठी ठेवून बाकीचे गरजूंना, अनाथांना, परदेशातल्या धर्मकार्याला देई. १९१३ साली डब्लिनमध्ये मालकांनी हजारो कामगारांना बाहेर ठेवले आणि कित्येक महिने चुली बंद पडल्या. मॅटही कामगार संघटनेत होता, तोही बाहेर होता. एकट्या माणसाला काय लागते, म्हणून तो आपल्या वाट्याची मदत बायकापोरे असलेल्यांना देई. लग्न झालेल्या कामगाराला जास्त मजुरी मिळाली पाहिजे, असे त्याचे मत होते. बारा भावंडांच्या घरात वाढलेला तो.

वाचायला त्याने मोठेपणी पुन्हा सुरुवात केली. एकेक ओळ बोट ठेवून. संत ऑगस्टिन यांचे आत्मचरित्र तो वाची, तेही तरुणपणी भरकटून परत आलेले. शब्द अडला की चिठ्ठीवर लिहून धर्मगुरूंना विचारी, लाजत नसे. हे वाचून मलाही थोडा धीर आला आणि हा लेख लिहायला घेतला, खोटे कशाला सांगू.

जेवणखाण मात्र असे की कोणत्याही आईचा जीव तुटेल. चहा आणि कोको एकत्र करून ठेवायचा आणि तो थंडच प्यायचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. बरोबर कोरडा पाव. झोपायला लाकडी फळी, उशाला लाकडाचा ठोकळा. रात्री दोनला उठून प्रार्थना. आई होती तोवर ती त्याच्याजवळच राहिली. म्हातारपणी तिला रात्री जाग आली की मुलगा गुडघ्यांवर दिसे. पूर्वी तिला जाग येई ती त्याची पावले जिन्यावर अडखळत वाजली म्हणजे. १९१५ साली ती गेली.

त्याच्या अंगावर साखळ्या होत्या, तेही सांगून टाकते, कारण चरित्रकार त्याचेच फार वर्णन करतात. कपड्यांच्या आत कमरेला, हाताला, पायाला त्याने साखळ्या आणि दोऱ्या बांधलेल्या होत्या. आपण मरियामातेच्या द्वारे देवाचे दास आहोत, याची ती खूण. जिवंतपणी कोणाला पत्ता नव्हता. मला स्वतःला हे फारसे रुचत नाही. शरीराला असे छळू नये असे मला वाटते, आणि आमच्या फादरांनीही सांगितले की याचे अनुकरण करायला चर्च कोणाला सांगत नाही. पण एकदा भाची म्हणाली, मावशी, दारूनेही त्याला सोळा वर्षे बांधूनच ठेवले होते. यावर मला उत्तर सुचले नाही.

दारू पिणाऱ्यांवर मात्र तो कधी तुटून पडला नाही. दारू न सुटणाऱ्याला कठोर बोलू नये, असे तो बहिणीला सांगे. ते मेलेला जिवंत करण्याइतके अवघड आहे, देवाला मात्र सोपे आहे, असा त्याचा विश्वास होता. आपण सोडली याची फुशारकी त्याच्या तोंडून कोणी ऐकली नाही.

१९२३ साली त्याचे हृदय आणि मूत्रपिंड बिघडले, इस्पितळात राहावे लागले, काम सुटले. १९२५ मध्ये जरा बरे वाटल्यावर तो पुन्हा वखारीत गेला. ७ जून १९२५, रविवारचा दिवस. एक मिस्सा करून तो दुसऱ्या चर्चकडे चालला होता. ग्रॅन्बी लेन नावाच्या गल्लीत चक्कर येऊन कोसळला. जवळच्या दुकानातली एक बाई धावत आली, तिने त्याचे डोके उचलून धरले आणि पाणी पाजले. तिथेच प्राण गेला. वय एकोणसत्तर. खिशात नावगावाचा कागद नव्हता. बेवारस म्हणून प्रेत इस्पितळात नेले. कपडे उतरवताना साखळ्या सापडल्या आणि तिथल्या सिस्टर स्तब्ध झाल्या. बहिणीने येऊन ओळख पटवली. ११ जूनला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली.

त्याच्या मरणानंतर वर्षभरात, १९२६ साली, सर जोसेफ ग्लिन यांनी त्याचे छोटे चरित्र छापले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळले की आपल्या जिन्यावरून कोण जात-येत होते. १९३१ साली चर्चने त्याच्या जीवनाची चौकशी सुरू केली. १९७२ साली त्याच्या अस्थी तो राहत होता त्या भागातल्या चर्चमध्ये आणल्या. ३ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याला पूजनीय ही पदवी दिली. ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी आहे. डब्लिनमधल्या लिफी नदीवरच्या एका पुलालाही त्याचे नाव आहे. पुलाला मजुराचे नाव दिलेले मी दुसरे ऐकले नाही.

माझे बाबा मी सातवी पास झाले त्याच वर्षी गेले. पोटात पाणी झाले होते. टोपली आईने डोक्यावर घेतली आणि घर माझ्याकडे आले. मॅटची सगळी गोष्ट आईला ठाऊक असती, तीन महिन्यांची आणि रिकाम्या खिशाची, तर काही वेगळे झाले असते का, असे मी कधी कधी चूल सारवल्यासारखे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा फिरवते. बाबांच्या वेळेला ज्या सोयी आम्हाला माहीत नव्हत्या त्या आता आहेत. डॉक्टर आहेत, औषधे आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मंडळींच्या सभा आपल्या देशातही भरतात. तिथे आजचा एक दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवतात. उद्याचे उद्या. माझा धाकटा भाऊ तिथे जातो. त्याला मी कधी शपथ घातलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळातली एक तरुण सूनबाई माझ्याकडे आली होती. नाव सांगत नाही. ती आमच्या धर्माची नाही. पदर डोळ्यांना लावून तिने विचारले की नवऱ्याला देवासमोर हात ठेवायला लावू का. मी तिला चहा दिला आणि हा सारा वृत्तान्त सांगितला, जसा इथे लिहिला तसाच, जरा लांबवून. एलिझाबेथने मुलाला काय सांगितले ते तिने पुन्हा विचारून घेतले. जाताना ते चित्र तिने मागितले. आईचे म्हणून माझा जीव क्षणभर कचरला. मग दिले. परवा हळदीकुंकवाला भेटली तेव्हा सांगत होती, ते तिने देव्हाऱ्यात ठेवलेले नाही, नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले आहे, आणि संध्याकाळी तो कामावरून सुटतो तेव्हा दोघे मिळून पायी बाजारात जातात. दोन महिने झाले.